गाडीच्या पत्र्यावर गंजाचा ठिपका दिसला? आधी खरवडा, मगच रंग लावा

सोलापूर : पावसाळा सरला, गाडी नीट धुतली आणि दाराच्या खालच्या कडेला रंगाखाली हरभऱ्याएवढा फुगा दिसला, असं जिल्ह्यात अनेक वाहनधारकांचं होतं. नखानं दाबलं की फुगा कुरकुरतो, पोपडा निघतो आणि खाली तांबूस भुकटी दिसते. मग दुकानातून मिळताजुळता रंग आणायचा आणि वरून एक हात फिरवायचा, हा सगळ्यात सोपा उपाय वाटतो. दोन-चार महिने ठिपका दिसत नाही. पुढच्या पावसात त्याच जागी फुगा परत येतो आणि या वेळी तो रुपयाएवढा असतो.

यात दोष रंगाचा नसतो. खालचा गंज तसाच राहिला, हे त्यामागचं कारण. नाण्याएवढा ठिपका एका सुट्टीच्या दिवशी घरी दुरुस्त करता येतो, त्याला मोठं सामान लागत नाही. पण कामाचा बहुतेक वेळ रंगवण्यात नाही तर खरवडण्यात आणि घासण्यात जातो, हे आधीच लक्षात घेतलं तर हे काम जमतं. आणि कुठला गंज घरी हाताळायचा नाही, हेही माहीत पाहिजे. ते पुढे दिलं आहे.

रंगाखाली काय चालतं

लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही लागली की गंज चढतो. त्यात मीठ किंवा खार मिसळला तर वेग वाढतो. ॲल्युमिनियमवरही हवेनं थर बसतो, पण तो घट्ट असतो आणि आतल्या धातूला झाकून ठेवतो. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत आणि सच्छिद्र. तो ओल धरून ठेवतो आणि आतला पत्रा खात जातो. शिवाय जेवढं लोखंड गंजतं त्याच्या कितीतरी पट जागा गंज घेतो, म्हणून वरचा रंग उचलला जाऊन फुगा येतो. गव्हावरच्या तांबेऱ्यासारखंच समजा, पानावर पुटकुळी दिसते तोवर रोग आत शिरलेला असतो.

कारखान्यातून येणाऱ्या कारच्या पत्र्यावर आधी फॉस्फेटचा थर, मग गंजरोधक प्रायमर, मग वरचा प्रायमर, रंग आणि शेवटी चकाकीचा क्लिअर कोट असतो. हे सगळे थर मिळून जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एका कागदाएवढी. रस्त्यावरची एक खडी उडून बॉनेटवर बसली की हा कागद फाटतो.

फॉस्फेटवरून एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दिल्लीत मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षं उघड्यावर उभा आहे आणि फारसा गंजलेला नाही. कानपूरच्या आयआयटीतले धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास केला. त्या जुन्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर संरक्षक थर तयार झाला, असं त्यांनी मांडलं. आज दुकानात मिळणाऱ्या गंज काढण्याच्या बऱ्याच द्रावणांत फॉस्फोरिक ॲसिड असतं, तेही पत्र्यावर फॉस्फेटचा थर धरतं. गाडीचा पत्रा काही लोहस्तंभ होत नाही, पण प्रायमर नीट धरायला या थराची मदत होते.

कोरड्या जिल्ह्यात गंज कुठून?

सोलापूरची हवा कोरडी, पाऊस वर्षाला साधारण पाचशे-सहाशे मिलिमीटर. कोकणात खाऱ्या वाऱ्यानं गाडी जशी खालून सडते तशी इथे सडत नाही. त्यामुळेच इकडे गंजाकडे दुर्लक्ष होतं. पण शेतकऱ्याच्या गाडीला समुद्राची गरज नसते. खार तिच्यातूनच वाहून नेला जातो.

खताचं बघा. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, हा मिठाचाच भाऊ. युरिया आणि मिश्रखतं हवेतली ओल ओढून घेतात. पिकअपच्या किंवा ट्रॉलीच्या हौद्यात पोतं फाटलं, चार मुठी खत कोपऱ्यात सांडलं आणि ते झाडून न काढता वर पाऊस पडला, की तिथला पत्रा सगळ्यात आधी जातो. शेणखत, जनावरांचं मूत्र, विद्राव्य खताचे आणि फवारणीच्या औषधाचे ओघळ यांचंही तसंच. उसाचा रस आणि मळी चिकट, आंबट आणि ओल धरून ठेवणारी. गाळप हंगामात चार-पाच महिने ट्रॅक्टर-ट्रॉली धुतलीच जात नाही, तेव्हा फाळक्याच्या सांध्यात हा चिकटा साचून राहतो.

दुसरी गोष्ट काळ्या मातीची. काळी माती ओल सोडत नाही. पिकाला ते चांगलं, पत्र्याला वाईट. मडगार्डच्या आतल्या कडेला आणि दाराखालच्या पट्टीत बसलेला चिखल वरून वाळलेला दिसतो, आत आठ-आठ दिवस ओला असतो. त्यात बोअरचं खारं पाणी. बऱ्याच गावांत गाडी याच पाण्यानं धुतात आणि उन्हात तशीच सोडतात. काचेवर पांढरे डाग दिसतात ते पाण्यातले क्षार, आणि काचेवर जे बसतात तेच सांध्यांतही बसतात. धुणं बंद करायचं नाही, धुतल्यावर फडक्यानं पुसायचं.

तिसरी गोष्ट अनेकांना माहीत नसते. कारच्या दाराच्या खालच्या कडेला छोटी छिद्रं असतात. काचेवरून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. धूळ-चिखलानं ती बुजली की दार आतून पाण्यानं भरतं आणि पत्रा आतून कुजायला लागतो. बारीक तारेनं किंवा काडीनं ही छिद्रं दर महिन्या-दोन महिन्यांनी मोकळी करायला दोन मिनिटं लागतात.

आणखी एक. जुनी कार घेताना मुंबई, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गकडची गाडी स्वस्त मिळते म्हणून लोक आणतात. एमएच ०६, ०७, ०८ अशा पासिंगची गाडी वाईटच असते असं नाही, पण ती वरून चकचकीत बघून घेऊ नये. खाली वाकून, पायातलं रबर मॅटिंग उचलून, डिक्कीतल्या स्टेपनीखाली हात घालून बघावं. पातळ कापडात गुंडाळलेला छोटा लोहचुंबक पत्र्यावर फिरवला तर पुट्टी जाड भरलेल्या जागी तो धरत नाही. तिथे आधी काहीतरी लपवलेलं आहे, असं समजावं. मात्र बंपर आणि काही गाड्यांची मडगार्डं प्लास्टिकचीच असतात, तिथे चुंबक चिकटणारच नाही.

आधी बघा, गंज कुठपर्यंत गेलाय

वर दिसणारा फुगा आणि खालचा गंज सारखा नसतो. हरभऱ्याएवढ्या फुग्याखाली गंज बहुतेक वेळा दुप्पट-तिप्पट पसरलेला असतो. पोपडा काढला की तीन प्रकार दिसतात.

पहिला, नुसता वरचा तांबूसपणा. घासलं की खाली चकचकीत पांढरा पत्रा निघतो. हे काम घरचं. दुसरा, घासल्यावरही पत्र्यात काळे बारीक खड्डे राहतात, देवीच्या व्रणांसारखे. हेही घरी होतं, पण खड्ड्यांतला गंज काढायला जास्त वेळ आणि गंज मारणारं द्रावण लागतं. तिसरा प्रकार म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं दाबलं की पत्रा आत दबतो किंवा टोक आरपार जातं. इथे घरचं काम थांबवावं. भोकात एम-सील किंवा पुट्टी भरून वर रंग मारणं म्हणजे फुटक्या घागरीला बाहेरून कागद चिकटवणं. पुट्टी ओल शोषते, कडेचा पत्रा कुजत राहतो आणि एक दिवस सगळा गोळा निखळून पडतो. तिथे कुजलेला पत्रा कापून नवा जोडणारा डेंटरच लागतो.

भोक किती लहान आहे यापेक्षा ते कुठे आहे हे महत्त्वाचं. चेसी, सस्पेन्शन जिथे बसतं ती जागा, सीटबेल्टचा बोल्ट, ब्रेकचा पाइप, दुचाकीचा मागचा स्विंग आर्म, ट्रॉलीचा हूक आणि ड्रॉबार, यांवर गंजाचे थर सुटत असतील तर तो रंगाचा विषय उरत नाही. भरलेली ट्रॉली चढावर हुकातून निसटली तर मागे येणाऱ्याच्या जिवावर बेतते. अशा जागी गंज दिसला की हंगाम सुरू होण्याआधी वर्कशॉपला दाखवावं. पेट्रोलच्या टाकीला गंजानं पाझर लागला असेल तर घरी वेल्डिंगचा विचारही करू नये. रिकामी दिसणारी टाकी वाफेनं भरलेली असते आणि तीच जास्त धोक्याची.

सामान काय लागतं

तारेचा ब्रश, खरवडायला जुनी पटाशी किंवा बोथट चाकू, पॉलिश पेपर ८० आणि १८० नंबरचा, वॉटर पेपर ४००, ६०० आणि शेवटच्या कामाला १५०० किंवा २०००. गंज मारणारं द्रावण, ज्याला दुकानात रस्ट कन्व्हर्टर किंवा रस्ट रिमूव्हर म्हणतात. प्रायमर, रंग, क्लिअर कोट. मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रं, स्वच्छ सुती फडकी, थोडं थिनर. हातमोजे, गॉगल आणि तोंडाला मास्क. खड्डे असतील तर हार्डनरसोबत मिळणारी पेस्ट पुट्टी.

रंगाचं नाव पुरत नाही, कोड लागतो. पांढऱ्या रंगाच्याही अनेक छटा असतात. कारमध्ये हा कोड ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. तो मोबाइलमध्ये फोटो काढून न्यावा. तालुक्याच्या हार्डवेअरमध्ये जुळणारी छटा मिळेलच असं नाही. सोलापूरसारख्या मोठ्या गावात गाड्यांच्या रंगाच्या दुकानात कोडवरून रंग कालवून देतात. गाडी जुनी असेल तर उन्हानं मूळ रंग फिका झालेला असतो, तेव्हा कोड बरोबर असूनही ठिगळ थोडं गडद दिसतं. शक्य असेल तर पेट्रोल टाकीचं झाकण काढून नमुन्याला न्यावं, हा पेंटर मंडळींचा जुना मार्ग.

प्रायमरबाबत गोंधळ होतो. लोखंडी गेट, ट्रॉली, नांगर यांना लाल रेड ऑक्साइड लावायची आपल्याकडे सवय आहे आणि वर ऑइल पेंट द्यायचा असेल तर ते चालतं. कारच्या पत्र्याला मात्र उघड्या लोखंडावर इपॉक्सी प्रायमर चांगला. दोन डबे मिसळून लावायचा असतो, पाणी आत जाऊ देत नाही. स्प्रेच्या डब्यात मिळणारा साधा राखाडी प्रायमर चालतो, पण तो सच्छिद्र असतो. तो मारून गाडी आठ दिवस तशीच फिरवली आणि मध्ये पाऊस आला तर ओल थेट पत्र्यापर्यंत जाते. प्रायमर मारला की लगोलग वर रंग चढलाच पाहिजे.

दिवस आणि वेळ

ही गोष्ट डब्यावरच्या सूचनेत बारीक अक्षरात असते आणि सोलापुरात तीच जास्त नडते. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो आणि उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही. अशा पत्र्यावर स्प्रे मारला तर रंग पोहोचण्याआधीच हवेत वाळतो आणि वाळूसारखा खरखरीत बसतो. उलट पावसाळी दमट हवेत तो पांढुरका पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. सकाळी दव उतरल्यावर सुरुवात करावी. उन्हाळ्यातच करायचं झालं तर गाडी रात्रभर सावलीत ठेवून सकाळी नऊच्या आत रंग उरकावा.

जागा सावलीची पण हवेशीर हवी. बंद खोलीत थिनरच्या वाफेनं डोकं गरगरतं, आणि आसपास चूल, विडी-सिगारेट, वेल्डिंग काहीही चालू असता कामा नये. जमिनीवर पाणी मारून धूळ बसवावी. शेजारी मळणी चालू असेल तर तो दिवस सोडावा.

काम असं करायचं

गाडी साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा. सांध्यातलं पाणी बाहेर यायला वेळ लागतो, म्हणून आदल्या दिवशी धुतलेली बरी. ठिपक्याच्या चारी बाजूंना दोन-तीन इंच जागा सोडून टेप लावा. मग सुटलेला रंग खरवडून काढा. इथे हात आखडता घेऊ नका. रंग घट्ट धरलेला लागेपर्यंत आणि त्याखाली स्वच्छ पत्रा दिसेपर्यंत खरवडायचं. छोट्या ठिपक्याचं मोठं भगदाड झालेलं बघून जीव कासावीस होतो, पण तेवढा गंज तिथे आधीपासूनच होता.

आता तारेचा ब्रश आणि ८० नंबरचा पेपर. पत्रा पांढरा चकचकीत व्हायला हवा. मशीनला चकती लावून घासणाऱ्यांनी जपून, पातळ पत्रा तापून वाकडा होतो किंवा झिजून जातो. बोटाएवढ्या ठिपक्याला हातच बरा. त्यानंतर १८० च्या पेपरनं रंगाच्या कडा घासत घासत उतरत्या करा. पेंटर डोळे मिटून बोट फिरवून बघतात, पत्र्यावरून रंगावर जाताना पायरी लागता कामा नये. हाताला लागते ती पायरी रंगानंतर डोळ्याला दुपटीनं दिसते.

खड्ड्यांत काळपट गंज उरला असेल तर द्रावण ब्रशनं लावा. दोन प्रकार असतात आणि ते वेगळे वापरायचे असतात. कन्व्हर्टर गंजाशी मिळून काळा थर करतो, तो तसाच ठेवून वाळू द्यायचा. रिमूव्हर गंज विरघळवतो, तो डब्यावर लिहिलेल्या वेळेनंतर पुसून-धुऊन काढून लगेच वाळवायचा. कन्व्हर्टर सुट्या पोपड्यांवर लावून उपयोग नाही, आधी घासणं चुकत नाही.

इथे एक चूक गावोगाव होते. गंज काढायला संडास साफ करायचं ॲसिड वापरतात. त्यानं गंज झटक्यात जातो हे खरं. पण ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, त्याचे क्लोराईड खड्ड्यांत आणि सांध्यांत उरतात आणि काही दिवसांतच पत्रा पुन्हा तांबडा होतो, आधीपेक्षा जोरानं. वाफ डोळ्यांना आणि छातीला त्रास देते ते वेगळंच. लिंबू, व्हिनेगर, कोल्ड्रिंक हे मोबाइलवर फिरणारे उपाय पान्या-पक्कडीवरचा हलका गंज काढायला ठीक आहेत, गाडीच्या पत्र्याला त्यांचा भरवसा नाही.

घासलेल्या पत्र्याला उघड्या हातानं शिवू नका. घामात मीठ असतं आणि बोटांचे ठसे दुसऱ्या दिवशी गंजाच्या रूपानं दिसतात. थिनरमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्यानं एकदा पुसा, पेट्रोलनं नको. पेट्रोल तेलकटपणा मागे ठेवतं आणि आगीचा धोका आहेच. कोपऱ्यात आधी बघा, थिनरनं जुना रंग विरघळत असेल तर त्या गाडीला आधी कुणीतरी साधा रंग मारलेला आहे. मग फडकं नुसत्या पत्र्यावरच फिरवा.

प्रायमर त्याच दिवशी, शक्य तर तासाभरात. उघडा पत्रा रात्रभर ठेवला की दवानं पुन्हा तांबूस झाक येते आणि सगळं घासणं पहिल्यापासून. एक जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर, मध्ये डब्यावर लिहिलं असेल तेवढं थांबायचं. पुट्टी लागत असेल तर इपॉक्सी प्रायमर वाळल्यावर त्यावर भरायची आणि मग परत प्रायमर. हार्डनर थोडंच घ्या आणि एका वेळी लिंबाएवढीच पुट्टी कालवा. आपल्या उन्हाळ्यात ती काही मिनिटांत दगड होते.

प्रायमर कडक झाल्यावर ४०० आणि मग ६०० चा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हातानं. कुठे पत्रा परत उघडा पडला तर तिथे पुन्हा प्रायमर. पाणी पुसून हवेवर नीट वाळू द्या, ओल्यावर रंग बसला तर बारीक फोड येतात.

आता रंग. आजूबाजूची काच, दिवे, टायर वर्तमानपत्रानं झाका. टेपची कड चिकटवून न टाकता थोडी उलटी दुमडून ठेवली तर रंगाची रेघ उमटत नाही. स्प्रेचा डबा दोन मिनिटं हलवा, मेटॅलिक रंग असेल तर जास्तच, कारण चमक तळाशी बसलेली असते. आधी जुन्या पत्र्याच्या डब्यावर मारून बघा. वीतभर, म्हणजे २०-२५ सेंटिमीटर अंतरावरून, ठिपक्याच्या अलीकडे बटण दाबायचं आणि पलीकडे गेल्यावर सोडायचं. हात थांबला की ओघळ आलाच. पहिला थर विरळ दिसतो, खालचं दिसत राहतं, ते तसंच असू द्या. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरानं तीन-चार पातळ थरांत रंग भरतो. ओघळ आला तर ओला असताना पुसू नका. पूर्ण वाळू द्या आणि ६०० नंबरनं घासून परत मारा. शेवटी क्लिअर कोटचे दोन थर, रंगापेक्षा थोड्या मोठ्या जागेवर.

खडी लागून उडालेला तिळाएवढा ठिपका असेल तर एवढा खटाटोप नको. पेपरच्या टोकानं तेवढाच गंज काढा, आगपेटीच्या काडीनं प्रायमरचा थेंब ठेवा, वाळल्यावर टचअप पेनानं रंगाचा थेंब. दिसेल थोडा, पण पसरणार नाही.

हार्डनर घालून गनने मारायचा पीयू रंग मात्र घरी मारू नये. त्यातले आयसोसायनेट फुप्फुसाला घातक असतात आणि साध्या धुळीच्या मास्कनं ते थांबत नाहीत. कापडी रुमालानं तर नाहीच.

ट्रॅक्टर, ट्रॉली आणि दुचाकी

ट्रॅक्टरला आणि ट्रॉलीला बहुतेक वेळा आधीच ऑइल पेंट मारलेला असतो. त्यावर एनसी थिनरचा स्प्रे मारला तर खालचा रंग सुरकुततो, भिजलेल्या पापडासारखा. तिथे ऑइल पेंटवर ऑइल पेंटच, रेड ऑक्साइडच्या अस्तरावर. ट्रॉलीचा हौदा तळाला आतून रंगवून फार काळ टिकत नाही, दगड-विटा-ऊस त्याला घासतच राहणार. तिथे हंगामात दर आठवड्याला झाडून काढणं आणि खत नेल्यावर गोड्या पाण्यानं धुणं हाच खरा उपाय.

जळकं ऑइल फासायची आपली जुनी पद्धत आहे. गंज त्यानं कमी होतो, यात शंका नाही. पण ते जमिनीत गळतं, रबरी बुश आणि वायरींना खातं, धूळ धरतं, आणि पुढे तिथे रंग कधीच धरत नाही. नांगराच्या फाळाला, कुळवाच्या पासेला हंगाम संपल्यावर ग्रीसचा हात दिला तर तेवढ्यानं भागतं.

बॅटरीखालचा ट्रे वेगळ्या कारणानं गंजतो, तिथे ॲसिड सांडतं. आधी बॅटरी काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, फेस थांबेपर्यंत. मग बाकीचं. नुसता रंग मारला तर आठवडाभरात फुगतो. दुचाकीच्या सायलेन्सरला साधा रंग जळून जातो, उष्णता सहन करणारा वेगळा रंग मिळतो. दुधाच्या किटल्या टांगणाऱ्यांच्या दुचाकीला कॅरिअरच्या घासणीनं मागच्या मडगार्डवर गंज चढतो. तिथे रंग देण्याआधी मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा बांधावा, नाहीतर नवा रंगही महिन्याभरात घासला जाईल.

कागदपत्रांचं काय

त्याच रंगाचं ठिगळ दिलं तर आरटीओत काही कळवावं लागत नाही. संपूर्ण गाडीचा रंग बदलायचा असेल तर मात्र आरसी बुकावर तशी नोंद करून घ्यावी लागते. सोलापूरचं एमएच १३ असो की अकलूजचं एमएच ४५, नियम एकच. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे नूतनीकरणाला गाडी तपासणीसाठी न्यावी लागते. तेव्हा सडलेला फ्लोअर आणि भोकं पडलेला पत्रा अडचणीचा ठरतो आणि एकदम मोठा खर्च निघतो. विम्याकडे बघून उपयोग नाही, गंज ही झीज धरली जाते आणि झिजेला भरपाई मिळत नाही. गाडी नवी असेल तर हात लावण्याआधी वॉरंटीचं पुस्तक काढून बघावं. काही कंपन्या पत्र्याच्या गंजावर काही वर्षांची हमी देतात आणि घरी घासलेल्या जागेवर ती नाकारली जाऊ शकते.

रंग झाल्यावर

हाताला वाळलेला लागला तरी रंग आत कच्चा असतो. आठवडाभर साबण-पाणी लावू नये आणि गाडी चिंचेखाली, लिंबाखाली उभी करू नये. झाडाचा चीक आणि पाखरांची विष्ठा कोवळ्या रंगात डाग पाडते. दोन-तीन आठवड्यांनी २००० च्या वॉटर पेपरनं भरपूर पाण्यात अगदी हलका हात आणि मग रबिंग कंपाउंड, म्हणजे ठिगळाची कड जुन्या रंगात मिसळते. महिनाभरानं आणि पुढच्या पावसाळ्यानंतर त्या जागेवर बोट फिरवून बघावं. परत बारीक फुगा लागला तर गंज आतल्या बाजूनं आलेला आहे, आणि बाहेरून कितीही घासलं तरी तो थांबणार नाही. दाराचं आतलं पॅनेल काढून तिथेच बघावं लागेल.

उरलेला स्प्रेचा डबा उलटा धरून नुसती हवा निघेपर्यंत दाबावा, म्हणजे तोंड बुजत नाही आणि पुढच्या वेळी तोच कामाला येतो. तो गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात ठेवू नये. ५० अंशांपुढे तो फुटू शकतो, आणि मेमध्ये बंद गाडीत तेवढं तापमान दुपारी सहज होतं.